हातचं राखून

फेब्रुवारीत सेव्हर्न नदी तळघरात शिरली
आणि अॅम्प बुडाला.
श्रूजबरीतल्या आमच्या गल्लीत लोक ओले गालिचे बाहेर ओढत होते,
मी तो काळा खोका जिन्यावरून वर आणला,
तिरका केला, तर मागच्या जाळीतून
तांबूस पाणी आलं, आणि एक गोगलगाय.

इलेक्ट्रिक गिटार वर कोरडीच होती.
पण अॅम्पशिवाय ती म्हणजे
ऐन सुनावणीला घसा बसलेला वकील.

वायल कॉपच्या चढावर पार्जिटर म्हाताऱ्याचं दुकान.
ऐंशी पौंडांत त्याने एक अकूस्टिक काढून दिली,
वरच्या फळीला चीर, सरसाने सांधलेली.
"वाजव," म्हणाला.
मी वाजवली, अकरा वर्षं वाजवतोय तशी:
तळहाताची कड ब्रिजवर टेकवून,
करंगळी फळीवर रोवून,
नखी चिमटीत गच्च, टोक तारेला जेमतेम लागेल इतकंच.
लाकडातून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.
तो चहा ढवळत राहिला.
मग म्हणाला, "हेरम,"
(माझ्या नावातला ब त्याला कधी सापडला नाही)
"एका हाताने दार ठोठावतोयस
आणि त्याच हाताने ते दाबूनही धरलंयस."

खरं होतं. मला हात टेकायची सवय.
तिकडे डब्यात विजेचा एक गडी होता,
मी कुजबुजलो की तो माझ्या कानात गर्जायचा.
मी फक्त नको त्या तारांवर तळवा ठेवून
त्यांना गप्प करायचं;
हातचं राखून वाजवणं, हेच तिकडचं कसब.
इकडे गडी नाही. इकडे फळी हाच गळा,
आणि मी त्या गळ्यावरच करंगळी रोवून बसलेलो.

मार्चभर हाताला शिकवलं. शिकवलं म्हणजे
येत होतं ते विसरायला लावलं.
करंगळी उचलली की मनगट भांबावायचं,
अंधारात जिना उतरताना
नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं.
नखी बदलून पाहिली: जाड, मग मऊ, मग मधली,
एक कासवाच्या पाठीच्या रंगाची, ती सोफ्यात गेली ती गेलीच.
सपाट लागली तर तार खेकसते,
जराशी तिरकी केली तर वाट देते.
ब्रिजपासून चार बोटं पुढे सरकलं
की आवाजाला अंग येतं.
हे मी वहीत लिहून ठेवलं. वहीचा उपयोग झाला नाही.

"इतकी सैल धर की सुटेल असं वाटलं पाहिजे," पार्जिटर म्हणे.
दोनदा सुटलीच. गिटारच्या पोटात.
गिटार उलटी धरून खिडकीत उभा राहून हलवत होतो,
समोर चिप्सच्या दुकानातल्या रांगेने मान वर करून पाहिलं.

बहिणीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली,
तू बोलतोसही तसाच, पहिल्यापासून,
वाक्याचं शेपूट गिळून टाकतोस.
मी म्हटलं, लाइन खराब आहे.

एवढी वर्षं हेडफोन लावून वाजवत आलो.
भिंतीपलीकडे ओल्वेन टज राहते,
तिला वाटायचं मी रात्री टायपिंग करतो.
परवा कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटली.
"ते एक वाजवतोस ना, मधेच अडकतोस ते,
कालही अडकलास," म्हणाली,
"पण काल चांगला जोरात अडकलास."

मी काहीतरी पुटपुटलो.
तिने कान पुढे केला.
मग तेच पुन्हा म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

तळघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, कमरेच्या जरा वर.
रात्री गिटार घेऊन बसलो.
करंगळी आपसूक फळीवर जाऊन टेकली.
उचलली.