दीडशेवर

खुर्चीत टेकायच्या आधीच इझिल्दा म्हणाली,
"दोनशे तीसवर लाव गो. चारला चर्च,
सहाला हॉल, आणि हॉल नदीकाठी."

दोनशे तीस हा मशीनचा शेवटचा आकडा.
कंपनी तो का देते, मला ठाऊक नाही.
स्कूटरच्या मीटरवर एकशे वीस असतात,
म्हणून कुडचड्याच्या बाजारातून कोण नेतं?

सतरा दिवसांपूर्वी मीच लावलं होतं तिला क्रीम,
हातमोजे घालून, घड्याळ समोर ठेवून,
मानेपासून वर वर, कपाळ शेवटी.
केसाच्या आत जे एकमेकांना धरून असतं
त्याला हात सोडायला लावतं ते क्रीम. बस, एवढंच.
केस सरळ होतो. शहाणाही दिसतो.
पण ओला करून बोटांत ताणला की कळतं,
हा नुसता उभा आहे.
अशा केसावर ओरडायचं नसतं.

खाली कायतानची भट्टी.
तो तिच्यात मूठभर पीठ फेकतो.
लगेच काळं पडलं तर बाहेर येऊन विडी ओढतो,
सावकाश तांबूस झालं तर उंडे आत.
त्याच्याकडे आकडा नाही. माझ्याकडे आहे,
आणि चुकते मीच.

सावर्ड्याची नवरी होती, दीपश्री.
दोनशे दहा. वीज जाऊन आलेली, वरात दारात.
मी ओढलं नव्हतं काही, नुसती पट्टी उघडली
आणि बट हातात आली,
शिजलेल्या बांगड्याचा काटा येतो तशी, अलगद.
तिला दिसलं नाही.
मी अबोलीची फाती जरा खाली माळली.
ती बट अजून पिनांच्या डब्यात आहे.
पिन शोधताना बोटाला लागते.

तर इझिल्दा, दीडशे.
टोकं गेल्या वर्षी रंगवलीस, तिथं एकशे तीस.
आधी पूर्ण कोरडे. चुर्र ऐकू आलं
तर समज, आत पाणी उकळतंय.
टिश्यू पेपर पट्टीत दाबून पाच मोजते:
पांढरा होता, पांढराच आहे.
एका बटीवरून एकदाच. दुसरा हात नाही.
"मग टिकणार नाही."
"नऊपर्यंत टिकेल."
"केक नऊला कापतात."
"बरं, साडेनऊ."

उजव्या कानामागे एक बट कडक लागली,
खळ लावलेल्या सुतासारखी.
मी मशीन खाली ठेवलं. वास घेतला.
नारळ.
काल बहिणीचा रोस होता.
सगळ्या तिच्या डोक्यावर नारळाचं दूध ओतत होत्या,
आणि ही, तिनंच मला सांगितलेलं,
तुळशीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या पायरीवर उभी होती,
केसांना शिंतोडा नको म्हणून.
"मग हे?"
आरशात ती माझ्याकडे बघत नव्हती.
"तिनंच येऊन उडवलं. धावत आली, भिजलेली.
सोमवारी ती जाते ना, लिस्बनला."

दुधावरून पट्टी फिरवली असती तर ते करपलं असतं,
दीडशेवरसुद्धा.
म्हणून तेवढीच बट धुतली, वाटीभर कोमट पाण्यात,
टॉवेलात दाबली, चोळली नाही.
खालून पोदेर भोंपू वाजवत निघाला,
म्हणजे तीन वाजून गेले.
इझिल्दा काहीच म्हणाली नाही उशिराबद्दल.
वाटीतलं पाणी किंचित पांढुरकं झालं होतं.
मी ते ओतायला उठले, तर म्हणाली,
"राहू दे जरा."

मुळाशी नवे केस आलेत, तांदळाएवढे,
आत्ताच वळायला लागलेले.
ते मी सोडून दिले.
टाळूजवळ वाफ नको, हे कारण खरंच आहे.