चुंबक सोडतो तेव्हा

सातवा ट्रान्झिस्टर फुटला तेव्हा
मी ओरडलेही नाही.
चष्मा काढून पुसला,
आणि तो तुकडा बाकीच्या सहांच्या डबीत टाकला,
दुधाचे दात जपून ठेवावेत तसा.

कुतायसीला जानेवारीत अंधार लवकर पडतो.
रिओनीवरचा वारा पत्र्याच्या फटींतून घुसतो
आणि सोल्डरचा धूर नेमका माझ्याच डोळ्यांत लोटतो.
जुंबेरकाका कोपऱ्यात कुदळींची पाती मोजत असतात.
एकशेचाळीस. द्राक्षमळ्यांतली खणणी सुरू होण्याआधी द्यायचीत.
कोळशाची भट्टी डॉक्टरांनी बंद करायला लावली.
आता छातीच भात्यासारखी वाजते,
भाता मात्र गप्प.

म्हणून हे यंत्र.
तांब्याच्या नळीचे सहा वेढे, आतून खेळतं पाणी,
आणि माझा हा तळहाताएवढा बोर्ड,
त्याने दोन स्विचना पाळीपाळीने उठवायचं.
एक पुरता बंद झाल्याशिवाय दुसऱ्याने चालू व्हायचं नाही,
मधे दीड मायक्रोसेकंद दोघांनीही गप्प बसायचं.
एवढी सोय माझ्या संसारात कुणी ठेवली असती तर!

हिशेब बरोबर होता. तीनदा केला.
ऑसिलोस्कोप सोव्हिएत काळातला,
उजवं बटण पकडीने फिरवावं लागतं,
पण हिरव्या रेषा शहाण्यासारख्या चालायच्या:
व्होल्टेज पुढे, करंट किंचित मागे.
पातं तापायचं. तांबूस. मग लाल. मग
फट्.

दर वेळी तिथेच.

"कुठला लाल?" काकांनी विचारलं.
लाल म्हणजे लाल, मी म्हणाले.
ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
खिशातून दोऱ्याला बांधलेला चुंबक काढला,
कडा झिजून गोटी झालेला.
"भट्टीतलं पातं काढून हा जवळ न्यायचो.
आधी चिकटायला धावतो.
मग एक लाल येतो, डाळिंबाच्या दाण्याचा,
सालीचा नव्हे.
तेव्हा हा नुसता लोंबकळतो, ओळखच नसल्यासारखा.
अजून जरा थांबायचं, मग तेलात.
चाळीस वर्षं एवढंच तर केलं."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

लोखंड आपलं चुंबकपण विसरतं.
वेढ्यांना ते एकदम हलकं होतं, झोक्याची लय वाढते,
आणि माझा बोर्ड जुन्याच तालावर
ढकलत राहतो,
करंट केव्हाच पुढे निघून गेलेला.
कागदावर हे मला ठाऊक होतं.
परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते.

रात्रभर जोडणी बदलली.
आता बोर्ड ताल देत नाही, धरतो.
दर आंदोलनाला करंटला विचारतो, कुठवर आलास?
एका ट्रिमरसाठी शेजारच्या लामाराचा रेडिओ उघडला,
तिला सांगून. बराचसा सांगून.

पहाटे वीज गेली, आली.
आठवा ट्रान्झिस्टर शेवटचा.
पातं तापलं. तांबूस. लाल.
मी आकड्यांकडे बघत होते: अठ्ठावीस हजार,
अठ्ठावीस, अठ्ठावीस,
आणि मग चढू लागले, तीस, तेहतीस,
आणि काका, आकड्यांकडे पाठ करून,
पात्यावरची नजर न काढता म्हणाले,
"अखला."
आत्ता.

काहीच फुटलं नाही.
तेलात चर्र झालं, धूर आढ्याला गेला.
काकांनी पात्यावर कानस घासून पाहिली. ती घसरली.

"एकशेएकोणचाळीस," ते म्हणाले,
आणि पुढचं पातं उचललं.