तीन दिवस

"सुईला केस दिसायला हवा," गांगुर्डे बाई फोनवर म्हणाल्या,
"तीन दिवस चिमटा बंद."

सुईची भीती नव्हती.
भीती त्या तीन दिवसांची होती.
वय बेचाळीस, त्यातली तेवीस वर्षं
रोज सकाळी न्हाणीघराच्या खिडकीत
उजेडाकडे हनुवटी करून
एकेक उपटत आलेली मी.
एक चिमटा पर्समध्ये, एक कपाटात,
एक कामावरच्या लॉकरमध्ये, डब्याच्या मागे.
नवऱ्याला दोनच माहीत आहेत.

गुरुवारी काही नव्हतं.
शुक्रवारी बोटाला कळलं.
शनिवारी नाशिकरोडच्या छापखान्यात
मास्क लावून बसले, सर्दीचं सांगून,
आणि दिव्याखाली ताव तपासत राहिले.
शाई फुटलेली, रेघ सुटलेली,
केसाएवढा दोष दिसला तरी ताव बाजूला.
हेच काम. याचाच पगार.
"सर्दी आहे तर शिंकत कशी नाहीस?"
वत्सला पगारेनं विचारलं.
मी शिंकले.

रविवारी कॅनडा कॉर्नर,
खाली चष्म्यांचं दुकान, वर दुसरा मजला.
बाकावर आधीच एक जण:
हिरवी ओढणी, रुंद हात,
गालांवर तीन दिवसांची काळी सावली.
"नंदिता," ती म्हणाली, आवाज सांभाळत.
"मालेगावहून येते. चौतिसावी खेप.
एसटीत तोंड बांधून बसायचं, घाम नुसता."
मग माझ्याकडे बघून,
"तुमचं तर काहीच नाही हो,"
आणि लगेच,
"म्हणजे, ज्याचं त्याला असतंच."
मी मास्क खाली ओढला.
खिडकीतून सगळा कॉलेज रोड दिसत होता.

आत दिवा. गोल, पांढरा,
माझ्या टेबलावरच्यासारखाच,
फक्त आज ताव मी.
केसाच्या कडेनं सुई सरकते,
मुंगी चावते,
आणि लोण्यातून निघावा तसा तो निघून येतो.
"खेचल्यासारखं वाटलं तर सांगा," बाई म्हणतात,
"खेचावा लागला म्हणजे मेला नाही."
वरच्या ओठावर मुंगी नाही, गांधीलमाशी.
डोळ्यांतून पाणी, मला न विचारता.
"हे रडणं नाही," बाई टिपत म्हणाल्या, "ही नस आहे."
वीस मिनिटं. एकसष्ट केस.
उरले किती?
"काही अजून झोपलेत. उठतील तसे घेऊ.
दीड वर्ष धरा."

ऊन नको, वाफ नको, हळद नको, बोट नको.
बोट नको, हे कसं पाळायचं?
रात्री मालिका बघताना ते आपलं आपण तिथं जातं,
तेवीस वर्षांचं वळण,
आणि केसाच्या जागी त्याला सूज भेटते.
रुमालात बर्फ. उशीवर धुतलेला अभ्रा.
तिसऱ्या दिवशी खपल्या, राजगिऱ्याएवढ्या.
खपली काढली तर डाग राहतो, बाई बोलल्या होत्या.
एक काढलीच मी.
मंगळवारी, बसमध्ये, द्वारकेच्या सिग्नलला.
डाग अजून आहे.

गुरुवारी मखमलाबादला भाचीची हळद.
उष्टी हळद घेऊन जाऊबाई आल्या
तसा मी गाल मागे घेतला.
"हाताला लावा."
"का गं?"
सर्दी तयार होती जिभेवर. ॲलर्जीही होती.
"हनुवटीवर केस येतात मला," म्हणाले.
"मुळापासून जाळून घेतेय."
मागे कुणीतरी डीजेवाल्याला ओरडत होतं.
जाऊबाईंनी हळद माझ्या मनगटाला फासली,
कोपरापर्यंत नेली, उगाच परत फिरवली,
इकडंतिकडं बघितलं,
आणि कानाशी येऊन,
"कितीला पडतं?"

आकडा सांगितला.
तीन दिवसांचं अजून नाही सांगितलं.