उजवा पाय

त्या मालिकेत मी आहे. म्हणजे माझा पाय आहे,
उजवा. चौथ्या भागात, जाहिरातींच्या जरा आधी.

बेटावर माणसाचा मागमूस नाही असं दाखवायचं होतं,
म्हणून आमची एकेचाळीस घरं
कॅमेऱ्याच्या पाठीमागे बसवली.
चुली बंद. कोंबड्या टोपल्यांखाली.
पास्टर सेरूंना विनंती,
चर्चचा ढोल उजेड मावळल्यावर वाजवा.
लितियानाचं तान्हं रडायला लागलं
तेव्हा अख्ख्या निर्मनुष्य बेटाने श्वास रोखला.

नायक बिचारा थंड देशातला, उन्हाने सोललेला.
त्याची दाढी रोज सकाळी डिंकाने चिकटवायचे.
जहाज फुटून त्याला अकरा वर्षं झाली होती,
आणि मंगळवारी दाढ ठणकली म्हणून
लौतोकाला नेऊन आणला, बोटीने, संध्याकाळच्या आत.

मग ठसा.
सात जणांचे पाय पाहिले, माझा पसंत पडला:
नारळावर चढून चढून फाकलेली बोटं.
एकच ठसा हवा, म्हणाले.
मी विचारलं, दुसरा पाय कुठे ठेवू?
हा माणूस लंगडी घालत आला होता का?
बाई हसली नाही. पुस्तकात तसंच आहे, म्हणाली.
दोघांनी बगलेत धरून मला वरून उतरवला,
भांडं उतरवावं तसा.
आठ वेळा समुद्राने पुसलं.
नवव्यांदा नायक आला, वाकला, आणि घाबरला.
किती खरा घाबरला!
मला कळेना, एवढं काय झालं?
आमच्याकडे वाळूत परकं पाऊल दिसलं
तर बायका पातेल्यात दोन कंद जास्त टाकतात.

तो पाय गेल्या ऑगस्टात गेला. शुगर.
घोट्याच्या वर कापला.
त्याचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

आता म्हणे पुन्हा नवी मालिका येतेय.
एक पोरगा किनारा बघायला आला होता,
माझ्या जुन्या फोटोतला किनारा. तोही अर्धा उरलाय.
हरकत नाही, म्हणाला, ठसा कंप्यूटरवर काढू.

रात्री नसलेली बोटं खाजतात.
नातवाला उठवतो. विलिमोने, लाव रे.
तो डोळे चोळत पुढे पुढे सरकवतो,
वादळ, बकऱ्या, पोपट,
थांब. इथे.
ओली वाळू, टाच खोल, अंगठा जरा वाकडा.
मी बघत राहतो.
आजोबा, तो म्हणतो, सात टक्केच राहिलेत.