ठिपका

यवतेश्वरच्या पत्र्यावर अँटेना बांधलाय,
खाली सातारा, निखारे उकरल्यासारखा.
दर दोन मिनिटांनी रेडिओ किरकिरतो
आणि नकाशावर ठिपका पुढं सरकतो:
दिनकर इंगवलेची जीप, मागं औषधांची खोकी.

मेढा. मग केळघर.
मग घाटानं ठिपका गिळला.

सुलभावहिनी विचारतात, "थांबलाय का?"
मी म्हणतो, डोंगर आड आलाय.
खरं तर मलाही ठाऊक नाही.
ठिपका होता तिथंच आहे;
माणूस तिथं नसेलही.

चहावर साय धरली.
अकरा वाजून सात.
किर्र.
उंची वाढलेली, वेग शून्य,
आणि त्यानं अंधारात चाचपत
पाठवलेले दोन शब्द:
गवा आडवा.

वहिनींनी बोटानं साय बाजूला केली
आणि गार चहा एका घोटात संपवला.