पाकळी क्रमांक तीन

आमचं रान होतं तिथं आता वळण आहे.
वरून पाहिलं तर फूल दिसतं म्हणे,
चार पाकळ्यांचं.
मोजणीवाल्या साहेबांनी मोबाईलवर दाखवलं होतं
शाळेच्या ओट्यावर, उन्हाला हात आडवा धरून.
आम्ही सगळे वाकून पाहत होतो
आणि फुलात आपापलं घर शोधत होतो.

अंबादास अण्णा त्याला अंतरचेंज म्हणतात.
इंटर, अण्णा, इंटर, मी दोनदा सांगितलं.
म्हणाले, मपलं बरोबर हाय.
लोणवाडीला जायला एक बिडी पुरायची,
आता बोगद्याचा वळसा, नऊ किलोमीटर.
अंतरच चेंज झालं का न्हाई, पोरी?

झाडांची यादी झाली.
मोसंबीला भाव, आंब्याला भाव,
विहिरीला भाव, तिच्यातल्या मोटारीला वेगळा.
बाभळी मोजल्या नाहीत.
सावलीचा रकाना कुठंय, असं आजीनं विचारलं
तर तलाठी हसला, आणि मग आम्हीही हसलो.
चिंच मोजली, पैसेही मिळाले,
पण ती पाडायची वेळच आली नाही.
नेमकी तीन नंबरच्या पाकळीच्या पोटात आली.

पैसे आले. खोटं कशाला बोलू, बरेच आले.
स्लॅब पडला. जालन्याला प्लॉट झाला.
प्रल्हाददादाची बोलेरो मंठ्याच्या बाजारात
भाजीच्या दोन पिशव्या आणायला जाऊ लागली.
आणि एक कागद आला,
हक्कसोडीचा, आत्याच्या सहीसाठी.
साडीचोळीवर सही करत नसते मी, आत्या म्हणाली.
दादा जे बोलला ते मी इथं लिहीत नाही.
बाबा सुपारी कातरत राहिले,
कातरून झालेलीच, पुन्हा.
तीन वर्षं राखी आली नाही.
पोस्टानंसुद्धा.

मला टोलवर नोकरी लागली, भूमिपुत्रांच्या यादीतून.
लेन चार. बहुतेक रात्रपाळी.
काचेतून आमच्या अंगणातला बल्ब दिसतो,
आई निजायला गेली की विझतो, तेही दिसतं.
पण दुचाकीला या रस्त्यावर बंदी,
म्हणून बाबा मला जाळीपर्यंत सोडतात
आणि तारेच्या फटीतून
आधी मी डबा सरकवते, मग स्वतःला.

हलीमाबीच्या शेळ्यांना मात्र बंदी नाही.
पावसाच्या पाण्यासाठी टाकलेल्या पाइपातून
त्या पाकळीत शिरतात,
मागून हलीमाबी, बासष्ट वर्षांची, रांगत.
चिंचेखाली टेकते. भोवती ट्रक गरगर फिरतात.
म्हणते, मौत का कुआं देखने कू तिकीट लगता था,
अब फुकट है.

फाल्गुनातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेलेले.
एक पांढरी गाडी, टॅग वाचेना.
दांडा खालीच.
कॅश द्या म्हणून हात बाहेर काढला
आणि पलीकडच्या सीटवर आत्या.
केस पिकलेले, नाकातली मोरणी तीच.
जावई पाकीट चाचपत होता.
कुठून आलात, हे मला विचारावंच लागतं.
मी विचारलं.
आत्या म्हणाली, चिंच हाय का?

हाय.
आवंदा लागली?
लई.

ड्रॉवरमध्ये सुट्ट्या पैशांखाली
हलीमाबीनं दिलेले दोन आकडे होते.
पावतीबरोबर तेही दिले.
जावयाला ओलांडून तिनं हात पुढं केला,
माझी मूठ घट्ट मिटवली,
मी लहान असताना गावाला निघताना मिटवायची तशी.
मागच्या टँकरनं हॉर्न दिला.
दांडा वर गेला. आपोआप.

सकाळी हिशोबात पन्नास रुपये जास्त भरले.
सुपरवायझरनं विचारलं, कोणत्या गाडीचे?
मी रजिस्टर उलटंपालटं केलं.
त्यांना कुठला रकाना, ते अजून सापडलं नाही.