मंगळवार, शुक्रवार

शेजारच्या जाराच्या फ्रिजमध्ये
खाली तिची मासळी, मध्ये लाल अंबाडीच्या सरबताच्या पिशव्या,
आणि वर, टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात,
माझ्या भावाच्या चार कुप्या.
डब्यावर मी खडूनं लिहिलंय: बिराम. हात लावू नये.
जारा म्हणते, मला कुठं वाचता येतं,
पण लावत नाही मी हात.

ग्वेत न्दार म्हणजे वाळूची एक पट्टी.
इकडे नदी, तिकडे समुद्र,
मध्ये आमची घरं, बकऱ्या,
आणि रंगवलेल्या होड्या, ज्यांवरून पोरं उड्या मारतात.
एक पोर सोडून.
दरवर्षी समुद्र एखादी भिंत नेतो.
भिंतीचं काय, लोक म्हणतात, पुन्हा बांधू.

बिरामचं कळलं ते सुंता झाली तेव्हा.
बाकीची सहा पोरं संध्याकाळी भात खायला बसली,
हा तिसऱ्या दिवशीही चादर भिजवत होता.
कुणी राख आणली, कुणी ताईत,
कुणी हळूच आईच्या घराण्याकडे बोट केलं.
पाचव्या दिवशी डाकारच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर एक झाड काढलं:
आई, आणि आईचे दोन भाऊ,
जे लहानपणी नुसते पडले होते
आणि उठले नव्हते.
आईनं ते झाड घडी घालून कमरेला खोचलं.
तेव्हापासून माहेरचं नाव घेताना
तिचा आवाज बारीक होतो.

मी शिकले. चौदा वर्षांची होते.
पाणी कुपीत सोडायचं, हलवायचं नाही,
तळहातांत फिरवायचं,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं.
फेस आला की वाया.
तापलं तरी वाया, गोठलं तरी वाया.
वीज गेली की मी मासळीच्या ट्रकमागे धावते बर्फासाठी,
आणि बर्फाच्या नि डब्याच्या मध्ये
आईचा डोक्याचा रुमाल, चार पदरी.

शीर डाव्या कोपरात, तिळाच्या बोटभर खाली.
ती मला ओळखते. कधी रुसते,
मग कोमट टॉवेल, थोडं गप्प बसणं.
मंगळवार, शुक्रवार.
मंगळवार, शुक्रवार.
कुप्या येतात त्या कुणीतरी लांबून धाडलेल्या,
मुदत संपायला दोन महिने उरलेल्या.
काही महिने येतच नाहीत.
तेव्हा उजवा गुडघा पावासारखा फुगतो, गरम,
आणि बिराम भिंतीकडे तोंड करून
बाहेरचा फुटबॉल ऐकतो.
कुणी कुणाला पास दिला
हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो. चुकत नाही.

पावसाळा संपला की माझं लग्न. कायारला.
नवरा समुद्रावर जातो, कमी बोलतो, बरा आहे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझीही तपासणी करू या?
म्हटलं, नंतर.
घरी येऊन स्वतःचा कोपर उलटा करून पाहिला.
शीर त्याच्यासारखीच, त्याच जागी.
तीळ नाही.
आत काय लिहिलंय ते दिसत नाही.

काल शुक्रवार. तेरा वर्षांचा बिराम म्हणाला,
सरक. मी करतो.
पट्टा दातांत धरून आवळला.
पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही.
माझा हात आपसूक पुढे गेला,
मी तो मांडीखाली दाबून ठेवला.
अंगणात आईची भांडी थांबली होती.
तिसऱ्या वेळी नळीत लाल धागा आला.
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
दट्ट्या ढकलत राहिला, हळू,
माझ्यापेक्षाही हळू.
मग कापूस दाबून म्हणाला,
त्या डब्यावरचं नाव पुसट झालंय गं.
खडू कुठे ठेवतेस?